छोटा शिग्री : एका हिमनदीचा जमाखर्च

हामटा खिंड उतरून छत्रूला पोहोचणारे आणि तिथून गाडीने बातलमार्गे चंद्रतालकडे निघणारे महाराष्ट्रातील ट्रेकर दर उन्हाळ्यात एका हिमनदीच्या समोरून जातात, पण त्यांतल्या फारच थोड्यांना तिचे नाव ठाऊक असते. रस्ता चंद्रा नदीच्या एका अंगाने जातो. पलीकडच्या अंगाला पीर पंजाल रांगेच्या उत्तर उतारावर जी दरी आहे, तिच्यात छोटा शिग्री ही हिमनदी आहे. तिची लांबी सुमारे ९ किलोमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे १५.५ चौरस किलोमीटर असून, ती ६,२०० मीटरहून अधिक उंचीच्या कड्यांपासून उतरत सुमारे ४,०५० मीटरपर्यंत येते. हिमालयात याहून कितीतरी मोठ्या हिमनद्या आहेत. शेजारची बडा शिग्रीच तिच्या तिप्पट लांब आहे. तरीही हिमालयातील बर्फ नेमका कसा आणि किती घटतो आहे, याचा अभ्यास करणाऱ्याला ज्या मोजक्या हिमनद्यांकडे पुन्हा पुन्हा यावे लागते, त्यांत छोटा शिग्रीचा क्रम फार वरचा आहे. तिचा हिशेब २००२ पासून दरवर्षी, जागेवर जाऊन, सलग मांडला गेला आहे आणि हिमालयात असे भाग्य फार थोड्या हिमनद्यांच्या वाट्याला आले आहे.

स्थानिक भाषेत शिग्री म्हणजे दगडमातीने झाकलेली हिमनदी. छोटा शिग्रीच्या बाबतीत मात्र हे नाव अर्धेच लागू पडते, कारण तिच्या एकूण पृष्ठभागापैकी जेमतेम साडेतीन टक्के भागावर राडारोडा आहे आणि तोही मुख्यतः खालच्या टोकाशी. उरलेला बर्फ उघडा असल्याने हवामानातील बदल तिच्यापर्यंत थेट पोहोचतो, आणि अभ्यासासाठी तिची निवड होण्यामागे हेही एक कारण होते.

मुखावरून ठरवण्यातली अडचण

गंगोत्रीहून गोमुखाला चालत गेलेल्यांना हिमनदीचे मुख, म्हणजे तिचे खालचे टोक, मागे सरकणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. मुख कोणत्या साली कुठे होते हे दाखवणाऱ्या खुणा पाहिल्या की मधले मोकळे अंतर स्वतःच बोलते. हिमनदीच्या ऱ्हासाची सर्वांत सोपी आणि सर्वांत जुनी मोजणी हीच आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने विसाव्या शतकात अनेक हिमनद्यांच्या मुखांच्या जागा वेळोवेळी नोंदवल्या आणि त्या नोंदींचे मोल आजही मोठे आहे.

पण या मोजणीवर किती भार टाकावा, याचा प्रश्न २००७ नंतर अवघड पद्धतीने पुढे आला. हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, चौथ्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता असल्याचे विधान छापले गेले. २००९ च्या अखेरीस केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे माजी अधिकारी व्ही. के. रैना यांचा एक चर्चानिबंध प्रसिद्ध केला, ज्यात हिमालयीन हिमनद्यांचे मागे सरकणे असाधारण म्हणता येणार नाही अशी भूमिका होती. जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीने २०३५ च्या विधानाला पुरेसा आधार नसल्याचे मान्य करून खेद व्यक्त केला. वर्तमानपत्रांत हा वाद ‘हिमनद्या वितळतात की नाही’ असा रंगला. माझ्या मते त्यात खरी उणीव निराळीच होती. बरीचशी चर्चा मुखे वर्षाला किती मीटर मागे सरकतात याभोवती फिरत राहिली, आणि हिमनदीच्या संपूर्ण अंगावर वर्षभरात किती बर्फ जमला व किती गेला हे सांगणारे सलग आकडे बोटांवर मोजता येतील इतक्याच हिमनद्यांचे होते. छोटा शिग्रीचे काम महत्त्वाचे ठरते ते या ठिकाणी.

या हिमनदीवर पहिले मोठे काम १९८६ ते १९८९ या काळात झाले. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने अनेक संस्थांचे शास्त्रज्ञ तिथे एकत्र गेले आणि १९८८ मध्ये तिचे सर्वेक्षणही झाले. त्यानंतर काम थांबले. २००२ मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील संशोधकांनी फ्रेंच शास्त्रज्ञांच्या सहकार्याने ते पुन्हा हाती घेतले. ए. एल. रामनाथन, पॅट्रिक वाग्नों आणि पुढे मोहम्मद फारूक आझम ही या कामाशी जोडलेली प्रमुख नावे आहेत. मधल्या खंडामुळे हळहळ वाटते, पण १९८८ चे सर्वेक्षण हातात होते म्हणूनच पुढे एक मोलाची तुलना करता आली, तिच्याकडे मी नंतर येतो.

काठ्या, खड्डे आणि वजन

हिमनदीचा ताळेबंद मांडण्याची रीत ऐकायला सोपी आहे. वरच्या भागात हिवाळ्यात पडलेले हिम उन्हाळ्यात पूर्ण वितळत नाही. ते थरावर थर साचून दबते, त्याचा बर्फ होतो आणि तो स्वतःच्या वजनाने उताराकडे वाहू लागतो. हे जमेचे क्षेत्र. खालच्या भागात हिवाळ्याचे हिम तर वितळतेच, शिवाय वरून वाहत आलेला बर्फही वितळतो. हे खर्चाचे क्षेत्र. दोहोंच्या मध्ये, जिथे वर्षभराची जमा आणि खर्च सारखे होतात, तिथे समतोल रेषा असते. छोटा शिग्रीवर ही रेषा चांगल्या वर्षी ४,९०० मीटरच्या आसपास राहते आणि वाईट वर्षी ५,१०० मीटरच्याही वर चढते. दोनशे मीटरचा हा फरक नकाशावर किरकोळ दिसतो, पण हिमनदीचा मोठा, रुंद आणि कमी उताराचा भाग नेमका याच उंचीवर असल्याने रेषा थोडी वर सरकली तरी कित्येक चौरस किलोमीटर क्षेत्र जमेच्या बाजूकडून खर्चाच्या बाजूला जाते.

खर्च मोजण्यासाठी वाफेच्या यंत्राने बर्फात खोल भोके पाडून त्यांत बांबूच्या काठ्या उतरवतात. दरवर्षी सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे जाऊन कोणती काठी किती उघडी पडली ते मोजले की त्या जागी किती बर्फ गेला ते कळते. वरच्या भागात खड्डे खणून किंवा बर्फाचा उभा, नळीसारखा नमुना (गाभा) काढून गेल्या उन्हाळ्याचा धुळकट थर शोधावा लागतो आणि त्याच्यावरच्या हिमाची जाडी व घनता मोजावी लागते, कारण भुसभुशीत हिमाचा एक मीटर आणि घट्ट बर्फाचा एक मीटर यांचे वजन एक नसते. म्हणूनच सारा हिशेब शेवटी पाण्याच्या मापात केला जातो. एक मीटर बर्फ म्हणजे सुमारे ०.९ मीटर पाणी. पाच हजार मीटरच्या वर, बर्फातील भेगा चुकवत, विरळ हवेत हे खड्डे खणणारी माणसे संशोधन निबंधाच्या तक्त्यात दिसत नाहीत, पण तक्त्यातील प्रत्येक आकडा त्यांच्या फावड्यातून आलेला असतो.

या पद्धतीची मर्यादा संशोधकांनी स्वतःच स्पष्ट नोंदवली आहे. वर्षाच्या आकड्याला अधिक-उणे ०.४० मीटर इतकी अनिश्चितता जोडलेली असते. कड्यांवरून कोसळणाऱ्या हिमलोटांनी किती भर पडली हे काठ्यांना कळत नाही, आणि वरच्या भागातील मोजमापे नेहमीच थोडी असतात. त्यामुळे एखाद्या वर्षी हिमनदी किंचित वाढली की किंचित घटली, यावर पैज लावू नये. अनेक वर्षांची बेरीज हाती आली की गोष्ट बदलते.

आकडे काय सांगतात

सुरुवातीची चार वर्षे धक्कादायक होती. २००२-०३ मध्ये हिमनदीच्या संपूर्ण पृष्ठभागावर सरासरी १.४ मीटर पाण्याइतका तोटा झाला, पुढच्या वर्षी १.२ मीटर, २००४-०५ मध्ये ०.१ मीटरची किरकोळ शिल्लक आणि २००५-०६ मध्ये पुन्हा १.४ मीटर तोटा. निरीक्षण तिथेच थांबले असते, तर हिमनदी वर्षाला एक मीटरच्या वेगाने खंगते आहे असा निष्कर्ष निघाला असता. पुढील काही वर्षे सौम्य गेली, काही तर शिलकीची गेली, आणि २००२ ते २०१४ ची सरासरी ०.५६ मीटर तोट्यावर, २००२ ते २०१९ ची ०.४६ मीटर तोट्यावर आली. सतरा वर्षांची बेरीज ७.८७ मीटर भरते. क्षेत्रफळाने गुणले तर हा तोटा सुमारे १२ कोटी घनमीटर, म्हणजे आपल्याकडच्या धरणांच्या भाषेत चार टीएमसीहून थोडा जास्त होतो. खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा दोन टीएमसीच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले की एका मध्यम आकाराच्या हिमनदीने काय गमावले याचा अंदाज येतो.

आता १९८८ च्या सर्वेक्षणाकडे येतो. २०१० मध्ये हिमनदीच्या पृष्ठभागाची उंची पुन्हा मोजून दोन्ही मोजमापांची तुलना केली गेली. बावीस वर्षांत एकूण घट निघाली ३.८ मीटर. पण उपग्रहांच्या आणि काठ्यांच्या नोंदींनुसार १९९९ ते २०१० या अकरा वर्षांतलीच घट ४.८ मीटरच्या घरात होती. याचा अर्थ १९८८ ते १९९९ या काळात हिमनदी घटली नव्हती. अनिश्चिततेची मर्यादा पाळून बोलायचे, तर ती समतोलात होती किंवा किंचित वाढली होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित वाटला, कारण हिमालयातील बर्फ एका सरळ रेषेत घटत आला असावा असा सर्वसाधारण समज होता.

कुलू खोऱ्यातील भुंतर विमानतळावरच्या तापमानाच्या आणि पर्जन्याच्या जुन्या नोंदी वापरून याच हिमनदीचा १९६९ पासूनचा ताळेबंद गणिती प्रतिमानाद्वारे पुन्हा मांडला गेला, तेव्हा चित्र आणखी उलगडले. १९६९ ते १९८५ या काळात वर्षाला सरासरी ०.३६ मीटर तोटा, १९८६ ते २००० मध्ये जवळजवळ शून्य आणि २००१ ते २०१२ मध्ये ०.५७ मीटर तोटा, असे तीन टप्पे त्यात दिसतात. तापमानवाढीला नाकारू पाहणारा माणूस यातला मधला टप्पाच उचलून दाखवील, आणि घाबरवू पाहणारा शेवटचाच दाखवील. उन्हाळ्याचे तापमान आणि हिवाळ्याचे हिम या दोन गोष्टी या हिमनदीचे भवितव्य जवळजवळ सारख्या वजनाने ठरवतात, असे त्याच अभ्यासात दिसले. मधल्या टप्प्यात दोन्ही बाजू तिला अनुकूल होत्या. नंतर त्या फिरल्या.

उन्हाळ्यातले हिम

‘हवा तापली म्हणून बर्फ वितळला’ हे वाक्य चुकीचे नाही, पण अपुरे आहे. छोटा शिग्रीवर सुमारे ४,६७० मीटर उंचीवर बसवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदींवरून पृष्ठभागाला मिळणाऱ्या ऊर्जेचा हिशेब केला गेला, तेव्हा वितळण्यासाठी मिळालेल्या ऊर्जेपैकी सुमारे ८० टक्के वाटा प्रारणाचा, म्हणजे किरणांच्या रूपाने येणाऱ्या ऊर्जेचा, निघाला. उबदार हवेच्या प्रत्यक्ष स्पर्शातून मिळणारी उष्णता १३ टक्क्यांच्या आसपासच होती. म्हणजे बर्फ वितळवतो तो प्रामुख्याने सूर्य, आणि सूर्य तर पूर्वीही तितकाच तळपत होता. मग फरक कुठे पडला?

फरक पडतो तो पृष्ठभागाच्या रंगात. ताजे हिम आपल्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी ८० टक्के किंवा त्याहून अधिक प्रकाश परत फेकते, तर उघडा, धुळकटलेला बर्फ जेमतेम ३०-३५ टक्के. हिशेबासाठी धरू की उन्हाळ्यातील स्वच्छ दिवशी एका चौरस मीटरवर २५ मेगाज्यूल ऊर्जा पडते. ताजे हिम त्यातली ५ मेगाज्यूल शोषून घेईल आणि उघडा बर्फ १६. एक किलो बर्फ वितळवायला ०.३३४ मेगाज्यूल लागतात, म्हणजे हा ११ मेगाज्यूलचा फरक एका दिवसात ३३ किलो, अर्थात ३३ मिलिमीटर पाण्याइतका बर्फ वितळवायला पुरेसा आहे. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मान्सूनच्या एखाद्या लाटेने हिमनदीवर हाताच्या वितीएवढे ताजे हिम टाकले, तर त्याचे स्वतःचे वजन नगण्य असले तरी ते कित्येक दिवस खालच्या बर्फावर पांढरी चादर धरून ठेवते आणि तेवढे दिवस खर्च जवळजवळ थांबतो. लाहौल-स्पितीत वर्षाच्या पर्जन्यापैकी बहुतांश वाटा हिवाळ्यातील पश्चिमी विक्षोभांचा, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणालींचा, असतो, मान्सूनचा वाटा तिथे थोडा. तरीही तो थोडा वाटा हिम होऊन पडतो की पाऊस होऊन, यावर वर्षाचा ताळेबंद डावीकडे झुकणार की उजवीकडे, हे पुष्कळदा ठरते.

तापमानवाढीचा सर्वांत मोठा घाव इथेच बसतो. हवा एक-दोन अंशांनी तापली की शून्य अंशाची रेषा वर सरकते, आणि जिथे हिम पडायचे तिथे पाऊस पडतो. पावसाने जमेत भर पडत नाही, उलट पृष्ठभाग उघडा व गडद राहतो आणि मग सूर्यच पुढचे काम करतो. हिवाळ्यात हिम कमी पडले असेल तर जुना बर्फ उन्हाळ्यात लवकर उघडा पडतो आणि खर्चाचा हंगाम लांबतो. शिवाय उबदार, दमट हवा स्वतःही खाली अधिक उष्णता प्रारित करते. उष्णतेचा थेट स्पर्श हा या साऱ्यातला सर्वांत छोटा भाग आहे.

उशिरा उत्तर देणारे मुख

१९८८ ते २०१० या बावीस वर्षांत छोटा शिग्रीचे मुख सुमारे १५५ मीटर मागे गेले, म्हणजे वर्षाला सरासरी सात मीटर. हिमालयात याच्या कित्येक पट वेगाने मागे सरकलेली मुखे आहेत, त्यामुळे एवढ्यावरून पाहणाऱ्याला ही हिमनदी धडधाकट वाटेल. ताळेबंद मात्र त्याच काळाच्या उत्तरार्धात स्पष्ट तोटा दाखवत होता. या विसंगतीचे कारण असे, की मुखाशी असलेला बर्फ आजच्या हिवाळ्याचा नसतो. तो अनेक दशकांपूर्वी वर पडलेला, दबलेला आणि सावकाश वाहत खाली आलेला असतो. मुखाची जागा ठरते ती वरून येणारा बर्फ आणि खाली वितळणारा बर्फ यांच्या झुंजीतून, आणि वरून येणारा ओघ आटायला वेळ लागतो. छोटा शिग्रीचा खालचा भाग अरुंद दरीत, उंच कड्यांच्या सावलीत आहे आणि त्याच्यावर राडारोडाही आहे. दोन-तीन सेंटीमीटरहून जाड राडारोडा खालच्या बर्फाचे उन्हापासून रक्षण करतो. म्हणून मुख आणखीच संथपणे बोलते.

अशा उशिराचा ढोबळ अंदाज घेण्याची एक रीत आहे : बर्फाची जाडी भागिले मुखाशी होणारी वार्षिक वितळ. छोटा शिग्रीचा बर्फ काही ठिकाणी अडीचशे मीटरहून जाड असल्याचे रडारच्या मोजणीत आढळले आहे. मुखाजवळची वितळ वर्षाला पाच मीटरच्या आसपास धरली, तर चाळीस-पन्नास वर्षांचा आकडा येतो. म्हणजे २००० नंतर सुरू झालेल्या तोट्याचे पूर्ण उत्तर मुखाने अजून दिलेलेच नाही. दरम्यान हिमनदीच्या अंगात बदल दिसू लागला आहे. काठ्यांच्या जागा दरवर्षी मोजल्याने बर्फाचा वेगही कळतो, आणि २००३ ते २०१० या काळात तो एक चतुर्थांशाहून अधिक मंदावल्याची नोंद आहे. बर्फ पातळ झाला की त्याचा वेग कमी होतो, वेग कमी झाला की खाली येणारी रसद घटते, आणि रसद घटल्यावर मुखाचे मागे सरकणे ओघानेच येते. हवामान आज आहे तिथेच थांबले, तरी हा क्रम थांबणारा नाही.

एका हिमनदीवरून साऱ्या हिमालयाबद्दल बोलणे धोक्याचे आहे आणि काराकोरमचा अनुभव तर उलटाच आहे, तिथल्या अनेक हिमनद्या या शतकाच्या सुरुवातीला जवळजवळ समतोलात होत्या. तरी शीतयुद्धकालीन हेरगिरी उपग्रहांच्या छायाचित्रांवरून केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिमालयातील हिमनद्यांचा सरासरी तोटा १९७५-२००० मधील वर्षाला ०.२२ मीटरवरून २०००-२०१६ मध्ये ०.४३ मीटरवर गेल्याचे दिसते, आणि छोटा शिग्रीचे जागेवर मोजलेले आकडे त्याच्याशी बरेच जुळतात. चंद्रेच्या खोऱ्यात आता ती एकटीही राहिलेली नाही. गोव्यात वास्को येथे असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने ऑक्टोबर २०१६ मध्ये याच खोऱ्यात ४,००० मीटरहून अधिक उंचीवर ‘हिमांश’ हे संशोधन केंद्र सुरू केले आणि सुत्री ढाका, बातल, समुद्र टापू, गेपांग गाठ या हिमनद्यांवरही काठ्या उभ्या राहिल्या. यांतल्या गेपांग गाठच्या पायथ्याशी वितळलेल्या पाण्याचे मोठे आणि वाढते सरोवर आहे, आणि खाली सिस्सू गाव आहे. छोटा शिग्रीच्या मुखाशी तसे सरोवर नाही, त्यामुळे तिचा तोटा कुणाला दिसत नाही. तो चंद्रेत मिसळतो, तांदी येथे भागा नदीला मिळून चिनाब होतो आणि जम्मूतील जलविद्युत प्रकल्पांच्या टर्बाइनमधून फिरून पुढे जातो. वर्षाला साधारण पाव टीएमसी इतके हे पाणी त्या वर्षीच्या पावसा-हिमाचे नसून साठवणीतून काढलेले आहे, आणि प्रवाहमापकावर ते इतर पाण्यापासून वेगळे ओळखू येत नाही.